चोविशीच्या आतला संघ: कोल्हापुरातल्या एका फॅन्टसी बास्केटबॉल लीगचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापुरात खेळाचं वेड म्हटलं की फुटबॉल आणि कुस्ती. बास्केटबॉल बघणारे थोडे, पण जे आहेत ते पक्के. अशाच दहा जणांनी २०२३ च्या पावसाळ्यात एनबीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगवर, आधारित एक फॅन्टसी लीग सुरू केली. फॅन्टसी लीगमध्ये खऱ्या खेळाडूंचा संघ कागदावर बांधायचा आणि त्यांचे खऱ्या सामन्यांतले आकडे आपल्या संघाच्या खात्यात मोजायचे. बहुतेकांनी इंजिनिअरिंग कॉलेजच्या कोर्टवर एकत्र घाम गाळलेला. पैसे लावायचे नाहीत हे पहिल्याच दिवशी ठरलं. हंगाम संपल्यावर तळाच्या दोन संघांनी बाकीच्यांना मिसळ चारायची, एवढीच पैज.

हे प्रकरण त्यातल्या एका संघाचं आहे. संघ दोन मामे-आतेभाऊ मिळून चालवत होते. थोरला शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, धाकटा शिकणारा. ओळख राहू नये म्हणून त्यांना थोरला आणि धाकटा एवढंच म्हटलं आहे, आणि लीगचे काही तपशील बदलले आहेत. एनबीएतले खेळाडू आणि त्यांचे आकडे मात्र खरे आहेत.

नियम नीट समजून घ्यायला हवेत, कारण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्यातूनच निघाला. दहा संघ, प्रत्येकी १३ खेळाडू, त्यातले १० मैदानात आणि ३ बेंचवर, शिवाय जखमींसाठी २ वेगळ्या जागा. दर आठवड्याला एका संघाशी सामना. मोजायचे नऊ प्रकार: गुण, रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं), असिस्ट (बास्केट होईल असा पास), स्टील (चेंडू हिसकावणं), ब्लॉक (समोरच्याचा फेकलेला चेंडू अडवणं), तीन गुणांचे बास्केट, फील्ड गोलची (खेळ चालू असताना साधलेल्या नेमांची) टक्केवारी, फ्री थ्रोची (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या नेमांची) टक्केवारी आणि टर्नओव्हर (हातातला चेंडू गमावणं). टर्नओव्हर जितके कमी तितके चांगले. नऊपैकी पाच जिंकले की आठवडा जिंकला, मग ५–४ असो की ९–०. वीस आठवडे साखळी, त्यानंतर मार्चच्या मध्यापासून सहा संघांची बाद फेरी. सगळ्यात महत्त्वाचा नियम कीपरचा: दरवर्षी आठ खेळाडू आपल्याकडे ठेवायचे, पाच सोडायचे आणि त्या पाच जागा नव्या ड्राफ्टमधून, म्हणजे पाळीपाळीने खेळाडू निवडून, भरायच्या.

आठ जण कायम राहणार, म्हणजे तरुण खेळाडूची किंमत वाढली. एका हंगामाच्या लीगमध्ये १९ वर्षांच्या पोराला पहिल्या फेरीत उचलणं धाडसाचं असतं. इथे तो हिशोबाचा भाग होता.

अडचण

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा या दोघांना सहावा क्रमांक मिळाला. ड्राफ्ट सापाच्या चालीचा, म्हणजे दुसऱ्या फेरीत क्रम उलटा. त्यामुळे त्यांच्या वाट्याला ६, १५, २६, ३५, ४६, ५५ असे पिक (निवडीच्या पाळ्या) आले. सहावा क्रमांक अवघड असतो. योकिच, डॉन्चिच, टेटम, हॅलिबर्टन, गिल्जस-अलेक्झांडर ही पाच नावं सहाव्यापर्यंत उरणार नाहीत हे दोघांनाही माहीत होतं. उरणार होते जोएल एम्बीड, यानिस अँटेटोकुम्पो आणि जून २०२३ मध्ये एनबीएच्या स्वतःच्या, नवोदितांच्या ड्राफ्टमध्ये सॅन अँटोनियोने पहिल्या क्रमांकावर घेतलेला, एनबीएचा एकही सामना न खेळलेला व्हिक्टर वेम्बान्यामा.

एम्बीड २९ वर्षांचा, नुकताच २०२२-२३ चा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, झालेला. यानिस २८ चा. वेम्बान्यामा १९ चा. प्रश्न फक्त एका पिकचा नव्हता. सहाव्या पिकवर जो येईल त्यावरून पुढचे बारा पिक ठरणार होते. एम्बीड घेतला तर संघ लगेच जिंकायला हवा, कारण तीन वर्षांनी तो ३२ चा असेल. वेम्बान्यामा घेतला तर घाई करून उपयोग नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, आत्ता जिंकायचं. पहिल्या सहा फेऱ्यांत २७ ते ३१ वयाचे, सिद्ध झालेले खेळाडू घ्यायचे. पहिल्या वर्षी वरच्या तिघांत येण्याची शक्यता मोठी, पण आठ कीपर म्हातारे होत जाणार.

दुसरा पर्याय, सगळा संघच पोरांचा. हा ऐकायला फार गोड वाटतो आणि नव्या लीगमध्ये दोन-तीन जण हटकून याच वाटेने जातात. नऊ प्रकारांच्या लीगमध्ये त्याची अडचण वेगळीच असते. तरुण खेळाडू गुण, रिबाउंड, ब्लॉक देतात. मार खातात ते फील्ड गोलच्या टक्केवारीत आणि टर्नओव्हरमध्ये. शिवाय विशीतला गार्ड (चेंडू खेळवणारा) आणि विशीतला सेंटर (बास्केटजवळचा उंच खेळाडू) यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उंच पोरगा पहिल्या दिवसापासून ब्लॉक आणि रिबाउंड देतो, कारण त्याला फक्त योग्य जागी उभं राहून उडी मारायची असते. गार्डच्या हातात चेंडू दिलेला असतो, समोर एनबीएतले सगळ्यात चिवट बचावपटू असतात. पहिल्या वर्षी त्याचा नेम चुकतो आणि चेंडू हातातून जातो. गार्ड पिकायला दोन-तीन वर्षं लागतात.

तिसरा पर्याय मधला: पहिल्या चार-पाच फेऱ्या तरुणांच्या, आणि नवव्या फेरीनंतर तिशी ओलांडलेले, टक्केवारी सांभाळणारे, चेंडू न गमावणारे दोन-तीन जण. असे खेळाडू कीपर लीगमध्ये स्वस्त मिळतात, कारण जो तो वयाकडे बघतो.

दोघांनी तिसरा पर्याय निवडला आणि त्यासोबत एक गोष्ट लिहून ठेवली: टर्नओव्हर हा प्रकार सोडून द्यायचा. दर आठवड्याला तो हरणार हे गृहीत धरायचं आणि उरलेल्या आठातून पाच जिंकायचे. हे फार शहाणपणाचं होतं. तरुण संघ बांधणारे बरेच जण हे ठरवत नाहीत आणि मग जानेवारीत टर्नओव्हर वाचवायला चांगल्या पोरांना बेंचवर बसवतात.

खेळाडू निवडायला धाकट्याने एक तक्ता केला. त्यात वयाचा रकाना होता, पण तो शेवटचा. पहिला रकाना मिनिटांचा. हा तक्ता म्हणजे तालमीतला हिशोब आहे. पोरगं नवं आलं की वस्ताद त्याची उंची बघतो, खांदे बघतो, पण खरा प्रश्न एकच असतो: याला खुराक पुरणार का? बास्केटबॉलमध्ये मिनिटं म्हणजे खुराक. मैदानावर २८ ते ३४ मिनिटं मिळणार असतील तरच गुणवत्ता आकड्यांत उतरते. म्हणून तक्त्याचा दुसरा रकाना होता, "कुणाची जागा रिकामी झाली?" नियम केला: २४ मिनिटांपेक्षा कमी खेळण्याची शक्यता असलेला कुणीही आठव्या फेरीआधी घ्यायचा नाही.

ड्राफ्टचा दिवस

१५ ऑक्टोबर २०२३, रविवार, घटस्थापना. सकाळी घरचे घट बसवून झाल्यावर दुपारी चारला सगळे राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये जमले. प्रत्येक पिकला ९० सेकंद. १३० पिक म्हणजे सव्वातीन तास, मधला चहा वेगळा.

अपेक्षेप्रमाणे पाच नावं गेली. सहाव्या पिकला घड्याळ सुरू झालं तेव्हा थोरला अजून एम्बीडकडेच बघत होता.

"दादा, पोरगं एकोणीस वर्षांचं आहे. पुढची दहा वर्षं आपलंच."

"आणि पहिल्या वर्षी मिसळ कोण चारणार? तू?"

"मी चारतो की. पण एम्बीड किती सामने खेळतो ते बघ ना."

शेवटच्या दहा सेकंदांत थोरल्याने मान हलवली आणि वेम्बान्यामाचं नाव नोंदलं. एम्बीड लगेच पुढच्या संघाने घेतला. पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे: गुडघ्याने एम्बीडला २०२३-२४ मध्ये ३९ सामन्यांवर थांबवलं आणि त्यापुढच्या हंगामात १९ वर. पण त्या दिवशी हे कुणालाच दिसत नव्हतं. निर्णय योग्य होता तो नियमांमुळे, एम्बीडच्या दुखापतीमुळे नाही. आठ कीपर असताना, साधारण तेवढ्याच ताकदीच्या दोघांत दहा वर्षांनी लहान असलेला घ्यावा.

पंधराव्या पिकला चेट होल्मग्रेन, २१ वर्षांचा. पायाच्या दुखापतीमुळे २०२२-२३ चा अख्खा हंगाम त्याचा वाया गेला होता. सव्विसाव्याला केड कनिंगहॅम, २२ वर्षांचा, नडगीच्या शस्त्रक्रियेमुळे मागच्या हंगामात फक्त १२ सामने खेळलेला. पस्तिसाव्याला अल्परेन शेंगून, २१. इथपर्यंत काम चोख होतं. जखमेमुळे किंमत उतरलेले पण मिनिटांची खात्री असलेले खेळाडू त्यांनी उचलले.

शेहेचाळिसाव्याला घोळ झाला. तिथे स्कूट हेंडरसन उरला होता. १९ वर्षांचा, २०२३ च्या एनबीए ड्राफ्टमध्ये तिसरा, पोर्टलँडचा गार्ड. नाव एवढं मोठं की हॉलमध्ये "अजून राहिलाय?" असा गलका झाला. त्याने धाकट्याचा तक्ता बाजूला पडला. मिनिटं मिळणार हे खरं होतं; तक्त्याचा नियम मोडला नव्हता. पण विशीतल्या गार्डबद्दल जे दोघांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं ते त्या ९० सेकंदांत विसरलं गेलं. शिवाय त्याच रात्री एका संघाने विचारलं होतं: हेंडरसन द्या, बोस्टनचा डेरिक व्हाइट घ्या. उत्तर गेलं, "तो एकोणतीस वर्षांचा आहे."

पुढचे पिक पटापट सांगायचे तर: ५५ वर सॅक्रामेंटोचा कीगन मरे, ज्याने पदार्पणाच्या हंगामात २०६ तीन-गुणी बास्केट करून नवोदितांचा विक्रम केला होता आणि जो चेंडू फारसा गमावत नाही. ६६ वर जेलन ड्युरेन, रिबाउंड आणि फील्ड गोलच्या टक्केवारीसाठी. ७५ वर ह्यूस्टनचा अमेन थॉम्पसन. ८६ वर तिशीतला बडी हील्ड, तीन-गुणींसाठी. १०६ वर ३६ व्या वर्षाला टेकलेला माइक कॉनली, ११५ वर जेलन सग्ज. तेरावी जागा आठवड्याला बदलत राहायची म्हणून मोकळी समजली.

९५ वर आला अटलांटाचा जेलन जॉन्सन, आणि आमच्या मते हा अख्ख्या ड्राफ्टचा सर्वोत्तम पिक. २०२२-२३ मध्ये तो सरासरी १५ मिनिटंसुद्धा खेळत नव्हता, ५.६ गुण करत होता. आकड्यांवर बघितलं तर कुणी हात लावला नसता. पण जुलै २०२३ मध्ये अटलांटाने जॉन कॉलिन्सला युटाकडे पाठवलं होतं. त्याची जागा रिकामी झाली, मिनिटं कुठे जाणार हे स्पष्ट होतं. त्या हंगामात जॉन्सन ३३.७ मिनिटं खेळला: १६ गुण, ८.७ रिबाउंड. खुराक वाढला, अंगी लागला.

पहिला हंगाम: कुठे पैलू दिसले, कुठे तडे गेले

हंगाम सुरू झाला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला पहाटे पाच वाजता आपल्या वेळेनुसार.

ब्लॉक हा प्रकार या संघाने जवळजवळ आपल्या नावावर करून घेतला. वेम्बान्यामा ३.६, होल्मग्रेन २.३, आणि होल्मग्रेन तर सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. १३ फेब्रुवारी २०२४ च्या मंगळवारी सकाळी टोरोंटोविरुद्ध वेम्बान्यामाने २७ गुण, १४ रिबाउंड आणि १० ब्लॉक केले. समोरच्या संघाचा ब्लॉकचा हिशोब त्या एका सकाळीच संपला.

आता हेंडरसन. त्याचा हंगाम १४ गुण, ५.४ असिस्टचा. गुण आणि असिस्ट बघून वाटतं, वाईट काय? वाईट आहे ते टक्केवारीत, आणि ती कशी खाते ते एकदा आकडे मांडून बघायला हवं. नेम ३८.५ टक्के, सामन्याला साधारण १२ प्रयत्न. बाकीचा संघ ४७ टक्क्यांवर आहे असं धरू. १२ प्रयत्नांत ४७ टक्क्यांनी ५.६ बास्केट व्हायला हवीत, त्याच्याकडून होतात ४.६. म्हणजे सामन्याला एक बास्केट कमी. आठवड्याला साडेतीन सामने धरले तर साडेतीन बास्केट. संघाचे आठवड्याचे एकूण प्रयत्न सुमारे ४००. त्यात साडेतीन कमी म्हणजे टक्केवारी जवळपास ०.९ ने खाली. आणि फील्ड गोलचे अर्धेअधिक आठवडे एका टक्क्याच्या आतच निकाली निघतात. एकटा खेळाडू एक अख्खा प्रकार बुडवतो तो असा. टर्नओव्हर सोडून दिलेले असल्यामुळे त्याचे ३.४ टर्नओव्हर टोचले नाहीत. टक्केवारी सोडलेली नव्हती, ती टोचली. खुराक मिळाला, पण पचला नाही.

डेरिक व्हाइट त्या हंगामात ७३ सामने खेळला, गार्ड असून सामन्याला एकाहून जास्त ब्लॉक, आणि फ्री थ्रो ९० टक्के. पुढच्या हंगामात ७६ सामने.

निर्णयाचा क्षण: डिसेंबर २०२३. डेट्रॉइट हरत होतं, हरतच होतं, सलग २८ सामने. रोज सकाळी ग्रुपवर कुणीतरी त्याचा आकडा टाकायचं. केड कनिंगहॅम त्याच संघाचा. एका प्रतिस्पर्ध्याने हे हेरलं आणि प्रस्ताव पाठवला: कनिंगहॅम द्या, कवाय लेनर्ड घ्या. लेनर्ड त्या वेळी उत्तम खेळत होता, वय ३२. थोरल्याला मोह झाला.

"डेट्रॉइटमध्ये राहून याचं काय होणार रे?"

"दादा, डेट्रॉइट हरलं तरी आपण हरत नाही. परवा त्याने एकेचाळीस केले, तरी टीम हरली. आपल्याला एकेचाळीसच मिळाले ना?"

यात सगळं आलं. फॅन्टसीत संघाचा पराभव मोजला जात नाही. खेळाडूच्या हातात चेंडू किती वेळ आहे ते मोजलं जातं. हरणाऱ्या संघातल्या तरुण गार्डची किंमत बाजारात पडते, कारण लोक बातम्या वाचून भाव लावतात. प्रस्ताव नाकारला. कनिंगहॅमने तो हंगाम २२.७ गुणांवर संपवला, पुढचा २६.१ गुण आणि ९.१ असिस्टवर. लेनर्ड पुढच्या हंगामात ३७ सामने खेळला.

मार्च २०२४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. शेंगून जखमी होऊन हंगामाबाहेर गेला. पण त्याच्या जागी ह्यूस्टनने वेगाने खेळायला सुरुवात केली आणि अमेन थॉम्पसनची मिनिटं वाढली. दोघे एकाच संघातले असल्याने या भावांचं नुकसान अर्ध्यावर आलं. हे ठरवून केलेलं नव्हतं. पण एकाच एनबीए संघातले एकमेकांची मिनिटं खाणारे दोन तरुण जवळ असले तर ते विम्याचं काम करतात, हे तेव्हा कळलं.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अमेरिकेत १० मार्चला घड्याळं एक तास पुढे गेली. थंडीत संध्याकाळचे पहिले सामने आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू होतात, उन्हाळी वेळेत साडेचारला. धाकटा पाचचा गजर लावून संघ लावायचा. पहिल्याच पहाटे तो उठला तेव्हा सामने सुरू होऊन अर्धा तास झाला होता, दोन खेळाडू बेंचवरच कुलूपबंद. त्या दिवसापासून संघ आदल्या रात्रीच लावायचा असं ठरलं. एनबीएच्या संघांना जखमींची यादी आदल्या दिवशी स्थानिक वेळेनुसार संध्याकाळी पाचपर्यंत द्यावी लागते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी जेवायला बसताना पहिली यादी आलेली असते. अपवाद लागोपाठ दोन दिवस सामने असले तर दुसऱ्या दिवसाचा. ती यादी त्याच दिवशी दुपारी एकपर्यंत येते, आपल्याकडे रात्री उशिरा.

शेवट: ८ विजय, १२ पराभव, सातवा क्रमांक. मिसळ चारायची वेळ दोन जागांनी टळली.

दुसरा हंगाम

आठ कीपर निवडताना सात नावं लगेच ठरली: वेम्बान्यामा, होल्मग्रेन, कनिंगहॅम, शेंगून, जॉन्सन, थॉम्पसन, मरे. आठव्यासाठी ड्युरेन की हेंडरसन यावर चार दिवस गेले. धाकट्याचं म्हणणं, शेहेचाळिसावा पिक असा फुकट कसा घालवायचा? हा प्रश्नच चुकीचा होता. पिक एक वर्षापूर्वीच खर्च झाला होता. आता प्रश्न एवढाच की पुढच्या वर्षी कोण जास्त देईल. ड्युरेन राहिला. हेंडरसनला विकायचा प्रयत्न झाला, पण भाव पहिल्या हंगामातच पडला होता, शेवटी तसाच सोडावा लागला.

नव्या ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत तक्त्याने पुन्हा साथ दिली. जुलै २०२४ मध्ये न्यू ऑर्लिन्सने देजाँटे मरेच्या बदल्यात डायसन डॅनियल्सला अटलांटाला पाठवलं होतं. २१ वर्षांचा, बचावात पक्का, आणि अटलांटात देजाँटे मरेची जागा रिकामी. जॉन्सनच्या वेळी वापरलेलाच हिशोब. डॅनियल्सने त्या हंगामात २२९ स्टील केले, सामन्याला तीन, आणि सर्वाधिक सुधारणा केलेल्या खेळाडूचा पुरस्कार मिळवला. फ्री थ्रो मात्र ६० टक्क्यांच्या आत.

फेब्रुवारीपर्यंत संघ तिसरा होता, तोही होल्मग्रेन नोव्हेंबरपासून जवळपास तीन महिने कमरेच्या हाडाला झालेल्या फ्रॅक्चरने बाहेर असताना. जानेवारीत जॉन्सनच्या खांद्याला दुखापत झाली, हंगाम संपला. जखमींच्या दोन्ही जागा भरल्या. होल्मग्रेन परतला आणि एक जागा मोकळी झाली, तोच २० फेब्रुवारीला वेम्बान्यामाच्या उजव्या खांद्यात रक्ताची गाठ सापडली. तोही हंगामाबाहेर, ४६ सामन्यांवर.

लीगची ट्रेडची (संघांनी आपसांत खेळाडू बदलायची) मुदत २८ फेब्रुवारीला संपत होती. आठ दिवस. समोर तीन वाटा होत्या. वेम्बान्यामा विकायचा: एका संघाने डोमांटस सबोनिस आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला पिक देऊ केला होता. किंवा थॉम्पसन, डॅनियल्ससारखे एक-दोन तरुण देऊन या वर्षासाठी मोठा अनुभवी खेळाडू आणायचा. किंवा काहीच करायचं नाही.

वेम्बान्यामा न विकणं बरोबरच होतं. आजार गंभीर, पण २१ वर्षांचा माणूस, संघाचे डॉक्टर पाठीशी, आणि घाबरलेल्या बाजारात विकणारा नेहमी तोट्यात. जुलै २०२५ मध्ये त्याला खेळायची वैद्यकीय परवानगी मिळाली. चूक दुसऱ्या वाटेबद्दल झाली. "आपला संघ पुढच्या वर्षासाठी आहे" असं म्हणत दोघांनी हातावर हात ठेवले. संघ तिसरा होता, बाद फेरी तीन आठवड्यांवर. कनिंगहॅमशिवाय असिस्ट देणारा दुसरा गार्ड संघात नव्हता, आणि हे ऑक्टोबरपासून दिसत होतं.

साखळी संपली ती १२ विजय, ८ पराभव आणि चौथ्या क्रमांकावर. पहिली फेरी जिंकली. उपांत्य फेरीचा आठवडा पाडव्याच्या दिवशी, ३० मार्चला संपत होता. नेमक्या त्याच दिवसांत कनिंगहॅम पोटरीच्या दुखण्याने बाहेर बसला. रिबाउंड, ब्लॉक, स्टील, फील्ड गोल हे चार त्यांचे. असिस्ट थोडक्यात गेले. ४–५.

वेगळं काय करता आलं असतं

हेंडरसनचा पिक ही चूक खरी, पण त्याहून मोठी चूक त्याला धरून बसण्याची. नव्या खेळाडूची किंमत पहिला सामना खेळण्याआधी सगळ्यात जास्त असते, कारण तोवर त्याच्यात प्रत्येकाला आपल्या मनातला खेळाडू दिसतो. नवोदित गार्ड घेतलाच असेल तर ऑक्टोबरातच विकायला काढावा. व्हाइटचा प्रस्ताव आला तेव्हा वय बघून नाही म्हटलं गेलं. तक्त्यात वयाचा रकाना शेवटी ठेवून प्रत्यक्षात तो पहिला वापरला.

पहिल्या दोन फेऱ्यांत दोन सडपातळ, सात फुटांच्या आसपासचे उंच खेळाडू घेणं हा जोखमीचा दुहेरी भार होता. दोघांपैकी एक तरी दर हंगामात बराच काळ बाहेर बसेल असं धरून चालायला हवं होतं. २०२४ च्या उन्हाळ्यात, होल्मग्रेन ८२ सामने खेळून भाव शिखरावर असताना, त्याच्या बदल्यात असिस्ट देणारा गार्ड मागायला हवा होता. कुणी विचारलंच नाही.

दोन अनुभवी खेळाडू पुरेसे नव्हते. कॉनलीने पहिल्या वर्षी ७६ सामन्यांत ९१ टक्के फ्री थ्रो मारले आणि सामन्याला दीडपेक्षा कमी टर्नओव्हर केले. हील्ड तर मधे संघ बदलल्यामुळे ८२ सामन्यांच्या हंगामात ८४ सामने खेळला. असे दोन नाही, चार हवे होते. शेवटच्या फेऱ्यांत ते मिळत होते.

आणि तेराव्या जागेचा वापर. एनबीएत बुधवारी आणि शुक्रवारी सामन्यांची गर्दी असते, म्हणजे आपल्याकडे गुरुवारी आणि शनिवारी सकाळी. त्या दिवशी आपलेच खेळाडू बेंचवर उरतात. फिरता खेळाडू तिकडच्या मंगळवार-गुरुवारी खेळणाऱ्या संघातून घ्यायला हवा. पहिल्या हंगामात या दोघांनी नाव बघून घेतले आणि ते गर्दीच्या दिवशी बेंचवर बसले.

सध्याची स्थिती

ऑक्टोबर २०२५ च्या कीपर यादीत वेम्बान्यामा, होल्मग्रेन, कनिंगहॅम, शेंगून, थॉम्पसन, जॉन्सन आणि डॅनियल्स आहेत. आठवी जागा पुन्हा ड्युरेनला मिळाली, कीगन मरे सुटला. होल्मग्रेनच्या बदल्यात गार्ड मागणारे तीन प्रस्ताव पाठवले. तिन्ही परत आले. तक्त्यात एक नवा रकाना आहे, "असिस्ट कोण देणार?", आणि त्यात अजून एकच नाव लिहिलेलं आहे.